मालमोटारीचे चाक आणि रबराचा दुष्काळ

वसंतातल्या या व्यासपीठावर इतिहासाचा विषय म्हटला की किल्ले, लढाया, तह आणि राजवंश यांची अपेक्षा असते. आम्ही आज घेतलेला विषय रस्त्याच्या कडेचा आहे. घाटात रात्री एखादी मालमोटार कडेला उभी असते. चाकांना दगड लावलेले असतात, किन्नर जॅकच्या दांड्यावर जोर देत असतो आणि ड्रायव्हर स्टेपनी खाली उतरवीत असतो. आपली गाडी वळणावरून पुढे जाते आणि आपण ते दृश्य विसरूनही जातो. त्या फुटलेल्या चाकालाही इतिहास आहे. एका महायुद्धात मोठमोठ्या सेनापतींची गती या चाकाने ठरविली, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम त्या ‘स्टेपनी’ शब्दाकडेच पाहू. हा शब्द आपल्या ड्रायव्हरांनी बनविला असे पुष्कळांस वाटते. पण तो मूळचा वेल्स प्रांतातील लानेली गावाचा. त्या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. आरंभीच्या मोटारींना जादा चाक दिलेले नसे. टायर फुटला की रस्त्यातच ट्यूब काढून ठिगळ लावावे लागे. १९०४ साली लानेली येथील टॉमस मॉरिस डेव्हीस याने आरे नसलेले, टायर चढविलेले एक कडे तयार केले. फुटलेल्या चाकाला ते बाजूने आवळून बसवावयाचे आणि मुक्काम गाठावयाचा, अशी युक्ती होती. ते चाक ‘स्टेपनी’ या नावाने देशोदेशी गेले. पुढे इंग्लंडात शब्द मागे पडला; पण हिंदुस्थानात तो राहिला, माल्टात राहिला आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतही ‘एस्तेपे’ होऊन राहिला. जेथे चाके वारंवार फुटत तेथे हा शब्द टिकला, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. पण मोह म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून तो विचार येथेच सोडतो.

आता चाकाकडे येऊ. मालमोटारीचा भार कोण वाहते, असे विचारले तर सामान्य माणूस ‘टायर’ असे उत्तर देईल. ते उत्तर अर्धेच खरे आहे. टायरचे रबर आणि त्यातील धागे हे एक भांडे आहे; भार मुख्यतः वाहते ती त्या भांड्यात कोंडलेली हवा. भांडे हवेला धरून ठेवते, झिजते आणि रस्त्याला चिकटते. हवा कमी झाली की भांड्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकू लागतात. वाकण्याने उष्णता होते, उष्णतेने रबर आणि धागे यांची पकड सुटते, आणि मग एखादा क्षुल्लक खिळाही निमित्ताला पुरतो. नावे ठेवली जातात ती खिळ्याला. दोष पुष्कळदा आधीच घडलेला असतो.

हवेच्या चाकाची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. घोडागाडीच्या त्या काळात तिची कोणास निकड वाटली नाही आणि ती विस्मृतीत गेली. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने ती आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा शोधून काढली. सायकलीने ती उचलली, मग हलक्या मोटारींनी उचलली. मालमोटार मात्र कित्येक वर्षे भरीव रबराच्या चाकांवरच धडधडत होती. भरीव चाकाला पंक्चर नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण हादऱ्याने माल फुटे, यंत्र खिळखिळे होई, रस्ता उखडे आणि वेग वाढवता येत नसे. हवेच्या चाकात जड गाडीला पुरेल एवढा दाब भरावा, तर आतले विणलेले कापड टिकत नसे. कापडाचे उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून एकमेकांस कापीत. पुढे धागे न विणता समांतर ठेवून, रबरात बुडवून, त्यांचे थर तिरपे एकमेकांवर चढविण्याची पद्धत आली, तेव्हा ही अडचण दूर झाली.

१९१७ साली अमेरिकेतील गुडइयर कंपनीने हवेच्या टायरांची एक मालमोटार ऑक्रन ते बॉस्टन अशी धाडली. पहिल्या फेरीत टायर इतके वेळा बदलावे लागले की थट्टा करणारांना विषय मिळाला. परंतु फेऱ्या चालू राहिल्या, चुका सुधारल्या आणि थट्टा थांबली. १९१९ साली अमेरिकन लष्कराने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटारींचा एक तांडा नेला. ३,२५१ मैलांना ६२ दिवस लागले. भरीव चाकांच्या अवजड मोटारी चिखलात रुतल्या, लाकडी पूल मोडून खाली गेल्या. त्या तांड्याबरोबर निरीक्षक म्हणून ड्वाइट आयसेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पंचवीस वर्षांनी हाच गृहस्थ फ्रान्सच्या भूमीवर आपल्याला पुन्हा भेटणार आहे, म्हणून त्याचे नाव ध्यानात ठेवावे.

हवेची चाके सर्वत्र रूढ झाली तसा मालमोटारीच्या पंक्चरचा प्रश्न निराळाच होऊन बसला. लहान मोटारीचे चाक बसले तर हाकणाराला तत्काळ कळते. मालमोटारीच्या मागच्या बाजूला चाके जोडीने असतात. जोडीतील एकाची हवा गेली तरी गाडी चालत राहते, आणि हीच खरी फसवणूक होय. शेजारचे चाक दोघांचा भार उचलते. बसलेले चाक फुकटच चेंगरत, घासत, तापत जाते. केव्हा केव्हा पेटही घेते. एका लहानशा भोकाने एक ट्यूब जावयाची, त्याऐवजी दोन टायर जातात. म्हणूनच जुने ड्रायव्हर थांबा आला की लोखंडी दांडा घेऊन चाकाचाकावर ठोकीत फिरतात आणि आवाज ऐकतात. पूर्ण बसलेले चाक त्या आवाजाने कळते. हवा थोडीशी कमी असेल तर मात्र ती दांड्याला कळत नाही; त्याला दाब मोजण्याचे यंत्रच लावले पाहिजे, आणि तेही चाक थंड असताना. तापलेल्या चाकात दाब वाढलेला दिसतो. तो पाहून पुष्कळ जण हवा सोडून देतात. त्यामुळे चाक अधिकच वाकते आणि अधिकच तापते. औषध समजून विष द्यावे, तसा हा प्रकार आहे.

हे सारे ज्ञान १९४० पर्यंत जाणकारांपाशी होते; पण ते कारखान्यांच्या पुस्तकांत पडून होते. टायर फुटला तर दुसरा घेतला, अशी अमेरिकेची रीत होती. कारण रबर स्वस्त होते. हे रबर येई कोठून, याचा विचार फार थोडे करीत. रबराचे झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅम याने त्याचे सुमारे ७०,००० बी लंडनजवळच्या क्यू बागेत आणले. त्यातून उगवलेली रोपे लंकेत गेली, पुढे मलायात मळे उभे राहिले. जावा-सुमात्रातही ते पसरले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाचे बहुतेक रबर आशियाच्या या आग्नेय कोपऱ्यातून निघत होते. सर्व जगाची चाके एका टोपलीत ठेवली गेली होती.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि मार्चमध्ये जावा पडले. नैसर्गिक रबराच्या पुरवठ्यापैकी सुमारे नऊ-दशांश भाग दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. लंका आणि त्रावणकोर-कोचीनकडील मळे उरले. लंकेतील चिकाचे मोल एकदम वाढले. हिंदुस्थानातही त्या काळी टायर परवान्यावाचून मिळणे दुरापास्त झाले होते.

अमेरिकेत शिधावाटप आले, ते कशापासून सुरू झाले? साखरेपासून नव्हे, पेट्रोलपासूनही नव्हे. ते टायरपासून सुरू झाले. नव्या टायरांची विक्री डिसेंबर १९४१ मध्येच थांबविण्यात आली आणि ५ जानेवारी १९४२ पासून ते परवान्यावर मिळू लागले. डॉक्टर, रुग्णवाहिका, आगीचे बंब, पोलीस, सार्वजनिक बस आणि आवश्यक माल वाहणाऱ्या मोटारी यांचा हक्क पहिला. जूनमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जुने रबर गोळा करण्याची हाक दिली; लोकांनी फाटके टायर, बागेतल्या नळ्या, रेनकोट असे साडेचार लाख टनांच्या आसपास रबर आणून टाकले. परंतु एकदा गंधकाने पक्के केलेले रबर पुन्हा पूर्ववत होत नाही. त्या ढिगाऱ्यातून चांगले टायर निघण्यासारखे नव्हते.

मग बर्नार्ड बारूक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. जेम्स कोनंट आणि कार्ल कॉम्पटन हे दोघे विद्वान तिचे सभासद होते. सप्टेंबर १९४२ मध्ये तिने अहवाल दिला. युद्धाला लागणाऱ्या सर्व वस्तूंत रबराची टंचाई हाच सर्वांत मोठा धोका आहे, असा तिचा निष्कर्ष होता. समितीने दोन उपाय सांगितले, ते मार्मिक आहेत. मोटारींचा वेग देशभर ताशी ३५ मैलांवर आणावा, आणि पेट्रोलचे शिधावाटप सर्व देशात करावे. पेट्रोल त्या देशात पुष्कळ भागांत मुबलक होते. ते वाचविण्याचा हेतूच नव्हता. पेट्रोल कमी दिले म्हणजे चाके कमी फिरतील, आणि चाके कमी फिरली म्हणजे रबर वाचेल, असा तो हिशेब होता.

आता टायर बदलण्याचा आणि निवडण्याचा जो प्रश्न, तो या काळात कसा सुटला ते पाहू. मालमोटारींच्या टायरांची ठराविक काळाने तपासणी सक्तीची झाली. तपासणाराने पहावयाचे ते एवढेच: नक्षी झिजली आहे, की आतला धागा दुखावला आहे? नक्षी झिजली पण धाग्यांचा सांगाडा शाबूत असेल, तर वरचे उरलेले रबर खरवडून नवा थर चढविता येतो. यालाच आपण रिट्रेड किंवा रिमोल्ड म्हणतो. धागा तुटला किंवा उष्णतेने सुटला, तर त्या टायरवर कितीही नवे रबर चढविले तरी ते मढ्याला दागिने घालण्यासारखे होय. म्हणून टायर गोटा होऊन कापड दिसेपर्यंत पळवावयाचा नाही, त्याच्या अगोदरच उतरावयाचा, ही शिकवण लोकांना प्रथमच मनावर घ्यावी लागली. टायर केव्हा उतरवला यावरच त्याचे दुसरे आयुष्य ठरत होते.

दुसरा नियम जोडीचा. जोडचाकात एक टायर नवा आणि एक झिजलेला घातला, तर नवा उंच असल्यामुळे जास्त भार घेतो आणि ठेंगणा रस्त्यावर फरफटतो. दोघेही अकाली जातात. म्हणून जोडीतील टायरांच्या व्यासात पाव ते अर्ध्या इंचाहून अधिक फरक असू नये असे सांगत. थोडा फरक टळत नसेलच, तर मोठा टायर बाहेरच्या बाजूला घालावा; कारण रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, आणि आतल्या चाकावर सहज अधिक भार येतो. तिसरा नियम पुढच्या चाकांचा. पुढचे चाक फुटले तर गाडी हातात राहात नाही. तेव्हा तेथे सर्वांत निर्दोष टायर असावा आणि रिट्रेड मागे घालावा. या तिन्ही नियमांत अवघड असे शास्त्र नाही. पण विपुलतेच्या दिवसांत जे कोणी ऐकत नव्हते, ते टंचाईने ऐकविले.

इकडे रसायनशास्त्रज्ञ बसून नव्हते. स्टायरीन आणि ब्यूटाडाइन यांपासून कृत्रिम रबर करण्याचे कारखाने सरकारी पैशाने उभे राहिले. १९४१ साली काही हजार टनांवर असलेले उत्पादन १९४४ साली सात लाख टनांच्या वर गेले. उद्योगाच्या इतिहासात अशी उडी क्वचित सापडते. तरीही एक उणीव राहिली. हे रबर वाकताना नैसर्गिक रबराहून अधिक तापते. लहान मोटारीला ते चालले. जाड टायरात, जड भाराखाली, आतली उष्णता बाहेर पडण्यास वाव नसतो. म्हणून मालमोटारींच्या मोठ्या टायरांत नैसर्गिक रबराचा काही हिस्सा ठेवावाच लागला. ज्यांना टायरची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच बाबतीत नवे रबर सर्वांत दुबळे ठरले.

या पार्श्वभूमीवर १९४४ च्या ऑगस्टमधील फ्रान्सकडे आपण येतो. नॉर्मंडीत उतरलेली दोस्त सैन्ये एकाएकी वेगाने पुढे सरकली. २५ ऑगस्टला पॅरिस मुक्त झाले. सैन्य पुढे गेले. पण दारूगोळा, पेट्रोल आणि अन्न समुद्रकाठीच होते. फ्रान्सचे लोहमार्ग दोस्तांच्याच विमानांनी आक्रमणापूर्वी उद्ध्वस्त केले होते. उरल्या मालमोटारी. त्याच २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्सप्रेस’ सुरू झाली. सेंट लो ते शार्त्र असा जाण्याचा एक रस्ता आणि येण्याचा दुसरा, दोन्ही एकमार्गी, इतर वाहतुकीस बंद, वाटेवर तांबड्या गोळ्याच्या पाट्या. चारच दिवसांनी, २९ ऑगस्टला, ५,९५८ गाड्या धावत होत्या आणि त्यांनी एका दिवसात १२,००० टनांहून अधिक माल पोचविला. पुढे रस्ता पॅरिसच्याही पलीकडे लांबविला गेला. १६ नोव्हेंबरपर्यंतच्या सुमारे बारा आठवड्यांत चार लाख टनांहून अधिक माल या चाकांवरून गेला. या साऱ्यावरचा सरसेनापती म्हणजे १९१९ च्या तांड्यातील तोच आयसेनहॉवर.

या मोटारींत प्रमुख होती ती अडीच टनी, दहा चाकांची जीएमसी; पुढे दोन आणि मागे जोडीने आठ चाके. नियम असा होता की वेग ताशी २५ मैल, दोन गाड्यांत ६० यार्डांचे अंतर, आणि दर तासाला दहा मिनिटे थांबा. तो थांबा ड्रायव्हरने अंग सैल करण्यासाठी होता, तसाच चाके आणि दोऱ्या तपासण्यासाठीही होता. पण आघाडीवर रणगाडे पेट्रोलअभावी उभे राहू लागले, तेव्हा हे नियम कोण पाळणार? वेग दुप्पट झाला, थांबे गळाले. शिवाय अडीच टनांच्या गाडीत पाच टनांपर्यंत माल भरण्यास वरूनच मोकळीक मिळाली होती. म्हणजे हवा तेवढीच, भार वाढलेला, वेग वाढलेला आणि विश्रांती नाहीशी झालेली. चाकाच्या बाबतीत जे जे वर्ज्य म्हणून सांगितले जाते, ते सारे एकाच रस्त्यावर एकत्र आले.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. शिपाई डबाबंद अन्न खात आणि रिकामे डबे रस्त्यावर फेकीत. त्या पत्र्यांच्या धारदार कडा, जोडीला लढाईतले लोखंडाचे तुकडे आणि काटेरी तारा. पंक्चरांना सुमार राहिला नाही. मोटारींच्या कंपन्यांपाशी सुटे टायर संपत आले. युरोपातील अमेरिकन सैन्याला टायरांची चणचण दारूगोळ्याइतकीच बोचू लागली. ज्या देशाने रबर वाचविण्यासाठी आपल्या नागरिकांना ३५ मैलांवर आणले, त्याच देशाचे सैनिक ते रबर स्वतःच्याच रिकाम्या डब्यांवर फाडीत होते. सेनापतींच्या चरित्रांत हा प्रसंग सापडत नाही. पण पुढे सरकणारे सैन्य सप्टेंबरात का अडखळले, याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत पेट्रोल पोचविणाऱ्या चाकांची ही दुर्दशा मोजावीच लागते.

आणि ती चाके रात्री, मिणमिणत्या झाकलेल्या दिव्यांत, चिखलात गुडघे टेकून बदलीत कोण होते? या ड्रायव्हरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्या काळच्या अमेरिकन सैन्यात वर्णभेद होता. कृष्णवर्णीयांना बहुधा लढाऊ पलटणींत न घेता ओझी वाहण्याच्या कामावर ठेवीत. हलके म्हणून जे काम त्यांना दिले, त्याच कामावर सर्व लढाई अवलंबून राहिली, हा इतिहासाचा उलटा न्याय म्हटला पाहिजे. सैन्यातील हा भेद मोडण्याची आज्ञा अध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढली. ती आज्ञा केवळ या रस्त्यामुळे निघाली असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यामागे जी सेवा उभी होती, तीत ही एक होती.

तेव्हा भार वाढविणारे चुकले काय? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. शत्रू पळत असताना एक दिवस मिळविणे म्हणजे हजारो प्राण वाचविणे असू शकते. त्यासाठी टायर जाणूनबुजून खर्ची घातले, तर तो सौदा होता, आणि सौदा समजून केला तर त्याला अविचार म्हणता येत नाही. पण फेकलेला डबा हा सौदा नव्हता. गाळलेला थांबा पुष्कळदा सौदा नव्हता. गरजेपोटी झालेली हानी आणि हयगयीने झालेली हानी या दोन्ही एकाच खात्यावर लिहिल्या जातात, आणि मग सगळ्यालाच ‘युद्धाची गरज’ असे नाव मिळते. इतिहास वाचणाराने हे खाते वेगळे करून वाचले पाहिजे.

युद्धानंतर चाक सुधारले. फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात धागे तिरपे न जाता काठापासून काठापर्यंत सरळ जातात आणि वरून पोलादी तारांचा पट्टा असतो. ते कमी तापते आणि अधिक टिकते. आपल्याकडे ते मालमोटारींना उशिरा आले. याचे एक कारण, जादा भार आणि खडबडीत रस्ते सोसण्यास जुना तिरप्या धाग्याचा टायर बरा, अशी मालकांची समजूत. म्हणजे भार कमी करण्याऐवजी भाराला सोयीचा टायर निवडावयाचा! ट्यूबचे चाक ज्या तुकड्यांच्या रिमवर बसते, तिचे कडे नीट न बसता हवा भरली तर ते गोळ्यासारखे उडते. अमेरिकेत १९८० साली असे चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरण्याचा नियम झाला. आपल्या रस्त्यांवरील कितीतरी दुकानांत पंक्चर काढणारा पोरगा अजूनही त्या चाकावर ओणवा होऊन हवा भरताना दिसतो.

श्रोतेहो, इतिहासाचा उपयोग काय, असे विचारले जाते. आम्ही आज एवढेच म्हणतो: टायर कोणता घ्यावा, हा प्रश्न दुकानात सुटत नाही. गाडीत किती भरले, किती वेगाने हाकले, हवा केव्हा पाहिली आणि जुना टायर केव्हा उतरविला, यांनी तो आधीच सुटलेला असतो. एका श्रीमंत राष्ट्राला हे कळण्यासाठी मलायाचे मळे गमवावे लागले. घाटाच्या पायथ्याशी दांडा घेऊन दहाही चाके ठोकीत फिरणाऱ्या किन्नराला ते पूर्वीपासून ठाऊक आहे. पुढच्या खेपेस तो दिसला, तर त्याच्यामुळे आपला खोळंबा होतो असे समजू नये. त्याला ती दहा मिनिटे द्यावी. फ्रान्सच्या रस्त्यावर ती दिली गेली नव्हती.